गोल्फचा पत्त्यांचा खेळ: चौथ्या नमुन्यापर्यंतची नोंद

पत्त्यांमधला जुना 'गोल्फ' पुष्कळांना ठाऊक असतो. प्रत्येकापुढे सहा पालथे पत्ते दोन ओळींत, त्यातले दोन उघडे. एकेक पत्ता बदलत जायचं, उभी जोडी जमली की त्या जोडीचे शून्य. नऊ डाव, कमी गुणांचा जिंकला. खेळ झकास आहे, पण 'कमी ते चांगलं' यापलीकडे त्यात गोल्फ नाही. आता कोणता क्लब (गोल्फची काठी) काढू, हा प्रश्न पडतच नाही. तो प्रश्न पडावा, आणि वीसच्या आतली बेरीज येणाऱ्या मुलालाही सोडवता यावा, यासाठी ५४ पत्त्यांचा हा संच: ९ पत्ते होलचे (होल म्हणजे सुरुवातीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा), ४५ फटक्यांचे.

मोजमाप असं: १ आकडा म्हणजे २५ यार्ड. फटक्यांचे पत्ते २ ते ९. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) ९, म्हणजे २२५ यार्ड. वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) २ किंवा ३. पार म्हणजे होल पुरा करायला अपेक्षित फटके. होल दोन पार ३ (अंतर ६ आणि ७), पाच पार ४ (१३ ते १७) आणि दोन पार ५ (१८ आणि २०). एकूण पार ३६, खऱ्या नऊ होलच्या कोर्सवर साधारण असतो तेवढाच.

पहिला नमुना बेरजेवरच आपटला. टाकलेल्या पत्त्यांची बेरीज होलच्या अंतराशी नेमकी जुळली की बॉल होलमध्ये, असा नियम होता. मग पार ४ दोन पत्त्यांत संपायचा, नाहीतर एकाने हुकून चार-चार फटके पुढेमागे चालायचे. पारची व्याख्या विसरल्याचा हा परिणाम. पारमध्ये पटिंगचे दोन फटके आधीच धरलेले असतात: पार ३ म्हणजे एका फटक्यात ग्रीन (खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ), पार ४ दोनात, पार ५ तीनात. हेच नियमात उतरवल्यावर खेळ उभा राहिला. बेरीज नेमकी जुळली तर एक पट (म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका), एकने कमी किंवा जास्त असेल तर दोन. १६ अंतराच्या पार ४ वर ९ आणि ७ टाकले की दोन अधिक एक, बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी). ९ आणि ६ टाकले की १५, दोन पट, पार. १८ च्या पार ५ वर ९ आणि ९ म्हणजे ईगल (पारपेक्षा दोन कमी). पटरचा वेगळा पत्ता लागतच नाही. शेवटचा पत्ता २ असून बेरीज नेमकी जुळली तर थेट चिप-इन (ग्रीनबाहेरूनच बॉल खड्ड्यात), पट नाही. या नियमामुळे हातातल्या दुऱ्या फेकायच्या राहिल्या.

दुसऱ्या नमुन्यात बर्ड्यांचा पाऊस. हातात पाच पत्ते होते आणि ४५ मध्ये सात छक्के. पाचांत निदान एक छक्का असण्याची शक्यता ५९ टक्के येते, म्हणजे ६ अंतराच्या पार ३ वर निम्म्याहून जास्त वेळा बर्डी हातातच. हात चार पत्त्यांचा केला, छक्के पाचवर आणले. आता ती शक्यता ३९ टक्के. निघालेल्या दोन जागी एक दुरी आणि एक नव्वा वाढवला. सध्याची वाटणी: २ चे ६, ३ चे ५, ४ चे ६, ५ चे ६, ६ चे ५, ७ चे ६, ८ चे ६, ९ चे ५. लहान खेळाडूला पाच पत्त्यांचा हात द्यावा. फटके वजा करून देण्यापेक्षा हे बरं, गुणपत्रिकेत 'सवलत' दिसत नाही.

प्रत्येक फटक्यानंतर एक पत्ता उचलायचा, गड्डीतून किंवा टेबलावर उघड्या ठेवलेल्या दोन पत्त्यांतून. खरी चुरस या उघड्या दोनांवर होते. ते काढून टाकले तर चौघं चार वेगळे खेळ खेळत बसतात.

तिसऱ्यात वाळू आणि पाणी हे गोल्फ कोर्सवरचे अडथळे आले. दोन्ही होलच्या पत्त्यावर आकड्याने छापलेले: चालू बेरीज नेमकी त्या आकड्यावर थांबली की अडकलात. पाण्यात गेला तर पत्ता पालथा करून रांगेतच ठेवायचा. तो दोन फटके धरायचा आणि बेरीज आधीच्या जागी परत. वाळूला सुरुवातीला 'फक्त वेज चालेल' असा नियम होता, पण हातात वेज नसला की माणूस ताटकळतो. म्हणून आता वाळूतून टाकलेला कोणताही पत्ता २ च मोजतात. यातच एक गंमत लपली होती: १५ च्या होलला वाळू १३ वर ठेवली, तर वाळूत पडणाऱ्याला पुढचा फटका नेमका १५ वर! बंकर शिक्षेऐवजी बक्षीस झाला. वाळू होलच्या तीन अलीकडे हवी: १२ वरून १४, दोन पट, बोगी (पारपेक्षा एक जास्त). आणि होलच्या एक अलीकडे-पलीकडे काहीच छापू नका, तिथे ग्रीन आहे. पाणी ९ वर एकाच होलला ठेवावं. तीन होलांना ठेवलं की ड्रायव्हर हातात कुजतात.

होल ओलांडला तर पुढचा पत्ता आडवा ठेवून वजा करायचा. उभा अधिक, आडवा वजा, एवढं कळलं की मुलं अडत नाहीत. होलला कमाल फटके पारच्या दुप्पट. ही पळवाट नव्हे. २०१९ च्या गोल्फ नियमांत नियम २१.२ खाली अशी कमाल मर्यादा घालता येते.

चौथा नमुना छपाईचा. ६३ × ८८ मिमीचे नऊ पत्ते एका ए४ वर बसतात, म्हणजे सहा पानं: एक होलचं, पाच फटक्यांची. प्रत्येक पत्त्याला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) दिलं तर रुंदी २०७ मिमी होते आणि प्रिंटर कडा खातो. २ मिमी दिलं की २०१, दोन्हीकडे साडेचार मिमी उरतात. पाठीवर चौकट नको. पुढची-मागची छपाई मिलिमीटरभर सरकली तरी चौकट तिरकी दिसते आणि पत्ता ओळखू येतो. सलग नक्षी चालते. ३०० जीएसएमचा जाड कागद बरेच घरगुती प्रिंटर ओढत नाहीत, तेव्हा ८० जीएसएमवर छापून ६६ × ९१ च्या स्लीव्हमध्ये (पारदर्शक पाकिटात) जुन्या पत्त्यापुढे सरकवावा. जुना पत्ता ५७ मिमी रुंदीचा ब्रिज आकाराचा असेल तर आत हलतो.

आकडे देवनागरी ठेवल्याने इंग्रजी सहा-नऊचा उलटसुलट घोळ टळला, पण ३ आणि ६ यांचा छत्तीसचा आकडा आडवा आला. पंख्यासारखे धरलेले पत्ते पाहताना लहान मुलं या दोघांत हमखास चुकतात. कोपऱ्यातल्या आकड्याखाली तितके ठिपके छापल्यावर चुका थांबल्या.

सहा जणांचं मात्र जमत नाही. पार ५ वर तीन-तीन फटके झाले की हातात २४, टेबलावर १८, उघडे २: ४५ पैकी ४४ पत्ते अडकले, आणि कुणी चौथा फटका मारला की गड्डी संपली. पाच जणांत ८ पत्ते उरतात. तूर्त पेटीवर २ ते ५ खेळाडू.