चौथा डाव, एक वार

दिवाळीआधी माळा आवरायचा हा सांगलीचा रिवाज मी न्यू जर्सीतही पाळतो. इथे माळ्याऐवजी तळघर, एवढाच फरक. परवा शनिवारी दुपारी तिथल्या एका खोक्यात, लग्नाच्या उरलेल्या पत्रिका आणि बंद पडलेली इस्त्री यांच्या मधोमध, जुना प्लेस्टेशन टू सापडला. वायरी गुंडाळून त्यांना बायकोचं केसांचं रबर लावलेलं. शेजारी एकच डबी. उघडली तर आत तबकडी शाबूत: मॅडन २००४, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम.

गंमत म्हणजे त्याच वेळी वर दिवाणखान्यात चिरंजीव याच खेळाची नवीकोरी आवृत्ती खेळत होते. कानाला हेडसेट, आणि समोरचा गडी कुठल्या गावात बसलाय हे याला ठाऊक नाही. आमच्या वेळी समोरचा गडी मांडीला मांडी लावून बसायचा आणि त्याच्या मोज्यांचा वास यायचा.

२००३च्या ऑगस्टमध्ये शिकायला आलो तेव्हा दोन खोल्यांत आम्ही चौघं होतो. एक नागपूरकर, एक ठाणेकर, एक गुंटूरचा आणि मी. कोच रस्त्याकडेला कुणी टाकलेला, उचलून आणलेला. पुढे एक सीनियर नोकरी लागून निघाला, त्याने हे यंत्र चाळीस डॉलरला आमच्या गळ्यात मारलं, वर ही तबकडी फुकट. फुटबॉल म्हणून आम्ही हौसेने लावली. बघतो तर पायाने कोणी काही करेचना! नागपूरकर म्हणाला, "हे तं नारळ घेऊन पळून राह्यले ना बे." त्या दिवसापासून त्या चेंडूचं नाव नारळ पडलं ते पडलंच. फेकलेला चेंडू विरुद्ध बाजूच्याने मधल्या मध्ये झेलला की आम्ही म्हणायचो, नारळ दिला.

खेळायचं ते असं. एक्स दाबलं की मधला आडदांड गडी दोन पायांमधून चेंडू मागे सारतो. तो ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. लगेच पुढे पळणाऱ्यांच्या डोक्यांवर चिन्हं तरंगायला लागतात, चौकोन, गोल, त्रिकोण. ज्याचं चिन्ह दाबाल त्याच्याकडे चेंडू जातो. बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर उंच, आळसावलेला. दाबून धरलं तर गोफणगुंड्यासारखा. हा सगळा निर्णय घ्यायला सेकंद मिळतात तीनेक, कारण समोरून चार-पाच रेडे तुमच्या अंगावर येत असतात. पहिला आठवडा मी घाबरून चौकोन दाबत होतो. चौकोनाकडे माणूस मोकळा आहे की नाही, हे बघण्याइतकं धैर्य नंतर आलं.

नियम आम्हाला कोणी शिकवले नाहीत, खेळानेच शिकवले. चार प्रयत्न, त्यात दहा यार्ड. जमलं तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्याला. या प्रयत्नांना ते 'डाऊन' म्हणतात. आम्ही डाव म्हणायचो, ऐकायला फार फरक नाही. रविवारी टीव्हीवर खरा सामना लागला की या ज्ञानाच्या जोरावर आम्ही अमेरिकन वर्गमित्रांना सल्ले द्यायचो. खेळाची तऱ्हा मात्र चटकन मानवली. पाच सेकंद धडपड, मग अर्धा मिनिट सभा, ठराव, पुन्हा पाच सेकंद धडपड. मराठी माणसाला परका वाटावा असं यात काही नव्हतं.

खरी मजा त्या सभेत. डाव सुरू व्हायच्या आधी पडद्यावर रेघोट्यांच्या आकृत्या येतात, कोण कुठे पळणार त्याच्या. एका वेळी तीन. त्यातली एक निवडायची. पण टीव्ही एकच! माझ्या आकृत्या तो बघतोय, त्याच्या मी. नेमकं कुठलं बटण दाबलं तेवढं गुपित. म्हणून आम्ही कंट्रोलर उशीखाली धरून बटण दाबायचो, मेंढीकोटात पानं छातीशी धरावीत तसे. ठाणेकर तर दुसऱ्याच्या अंगठ्याच्या हालचालीवरून ओळखायचा. एकदा भांडण इतकं वाढलं की मध्ये चादर टांगली. अंतरपाटासारखी.

काही सुचेनासं झालं तर 'मॅडनला विचारा' अशी सोय होती. मॅडन हे हाडामांसाच्या माणसाचं नाव आहे हे आम्हाला महिनाभराने कळलं. जॉन मॅडन. ओकलंड रेडर्स संघाचा प्रशिक्षक, जानेवारी १९७७मध्ये सुपर बोल म्हणजे हंगामाचा अंतिम सामना जिंकलेला, नंतर टीव्हीवरचा समालोचक. या खेळातही मागून बडबडणारा आवाज त्याचाच. विमानाला भ्यायचा, म्हणून सामन्यांसाठी अमेरिकाभर आधी आगगाडीने, पुढे बसने हिंडायचा. १९८४मध्ये गेम बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा ट्रिप हॉकिन्स त्याला खेळासाठी गाठायला गेला, तोही आगगाडीतच. तेव्हाच्या कॉम्प्युटरला बावीस माणसं झेपत नव्हती. सहा-सात जणांचे संघ करू म्हटल्यावर हा गडी अडून बसला: अकरा नाहीत तर ते फुटबॉलच नाही. पाट कमी आहेत म्हणून पाहुणे कमी आणा म्हणणाऱ्या व्याह्याला वरबाप ऐकवतो, त्याच थाटात. चार वर्षं गेली. १९८८मध्ये खेळ ॲपल टू कॉम्प्युटरवर आला, अकरा विरुद्ध अकरा. १९९०मध्ये टीव्हीला जोडायच्या सेगा जेनेसिस यंत्रावर येऊन घराघरातल्या टीव्हीत घुसला. २०२१च्या डिसेंबरात मॅडन गेला. माझ्यापुरता तो आजही त्या बटणामागे बसून आहे आणि मला भलतेच सल्ले देतो आहे.

आमच्या तबकडीच्या वेष्टनावर चित्र आहे मायकेल विकचं. अटलांटाचा हा क्वार्टरबॅक खेळात असा काही पळायचा की त्याला धरणं म्हणजे तेल लावलेल्या मल्लाला धरणं. नागपूरकर रोज तोच संघ घ्यायचा. शेवटी घरात कायदा झाला: भांडी घासेल त्यालाच अटलांटा. आणि खरा विक? खेळ दुकानात आला त्याच महिन्यात एका सराव सामन्यात त्याचा पाय मोडला. या वेष्टनावर जो झळकतो त्याचं काहीतरी मोडतं, असं अमेरिकन लोक शपथेवर सांगतात. फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मीठमोहऱ्या ओवाळायचं कोणी सुचवलं नाही का त्यांना?"

आता माझी खोड. चौथा डाव आला की मी पंट करायचो. म्हणजे उरलेला प्रयत्न न करता चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याला देऊन टाकायचा, म्हणजे त्याला निदान दुरून सुरुवात करावी लागते. पाच यार्ड हवे असोत, दोन असोत, अगदी एक असो, मी पंट करणार. एकदा शेवटच्या मिनिटाला, हरत असताना, मी पंट केला. नागपूरकराने कंट्रोलर खाली ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून घरात माझं नाव 'मुदत ठेव'.

एक यार्ड म्हणजे एक वार, हे मात्र मला खेळताना कधी सुचलं नाही. ते वडिलांना सुचलं.

वडील सांगलीत कापड पेठेतल्या एका दुकानात नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारचा डबा पोचवायचं काम माझं. दुकानात पांढऱ्या चादरीची गादी, तिच्यावर उघडलेल्या कापडांचे ढीग आणि नव्या खळीचा वास. भिंतीला सरकारी शिक्क्याचा लोखंडी मीटर टेकलेला. कायद्याने मीटर, पण तोंडात सगळ्यांच्या वारच. खेड्यातल्या म्हाताऱ्या इरकली लुगडं घ्यायला यायच्या, आणि लुगडं नऊवारी म्हणून आठवारी गळ्यात मारतील या धास्तीने स्वतः मोजायच्या. त्यांचा लोखंडावर विश्वास नव्हता. काठ बोटांत धरून हात लांब ताणायचा, मान उलट्या बाजूला वळवायची आणि दुसरं टोक नाकाला लावायचं. नाक ते बोट, एक वार. एक... दोन... तीन... पुढच्या काठाला हळदीचे डाग पडायचे, वडील काही बोलायचे नाहीत. एक आजी तर वीतभर उंचीच्या. त्यांच्या हाताने लुगडं साडेदहा वार भरलं. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा साडेदहा. दुकानदाराची चूक झालीय आणि ती त्याच्या लक्षात यायच्या आत निघालं पाहिजे, अशा बेताने आजींनी कनवटीचे पैसे काढले आणि पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा. मी हसलो तर वडिलांनी डोळे वटारले. "त्यांच्या हाताने तेवढंच आहे ते," एवढंच म्हणाले. स्वतः ते कापड फाडताना मोजून चार बोटं पुढे कात्री लावायचे. मालक कुरकुरायचा.

२००७मध्ये आईवडील सहा महिने इथे आले. तोवर लग्न झालं होतं, पण यंत्र होतंच, आणि ठाणेकर शनिवारी खेळायला यायचा. वडील मागे खुर्चीवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "मैदान केवढं आहे रे?"

"शंभर यार्ड."

"म्हणजे शंभर वार." थोडा वेळ गप्प. मग, "अकरा लुगडी अंथरली तर नव्याण्णव होतील. एक वार कमी पडतंय." पुढे पुन्हा स्वतःशीच, "नऊवारी म्हटली तरी यांना दहाला एक कमीच."

आणि त्याच दिवशी माझा चेंडू असा अडकला की दहा यार्ड भरले की नाही ते मोजायला पंच साखळी घेऊन आत आले. दोन काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी. खेळातही ते हुबेहूब दाखवतात. वडील खुर्ची ओढून टीव्हीच्या पुढ्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना या खेळात ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. "साखळी सैल धरलीय त्याने," ते म्हणाले. पडद्यावर चेंडूचं नाक काठीच्या जरासं अलीकडे राहिलं. चौथा डाव होता (त्या दिवशी ठाणेकराने डिवचलं म्हणून मी पंट केला नव्हता) आणि चेंडू त्याच्याकडे गेला.

"का गेला?"

"कमी पडलं ना, बाबा."

"किती?"

"चार बोटं असेल."

वडील माझ्याकडे बघत राहिले. "चार बोटांसाठी गिऱ्हाईक परत पाठवायचं?"

ठाणेकर हसून हसून कोचावरून खाली आला. वडील हसले नव्हते.

ते जाऊन आता सहा वर्षं झाली. साखळीचंही तसंच झालं म्हणायचं. २०२५च्या हंगामापासून खऱ्या सामन्यात ही मोजणी कॅमेरे करतात. साखळीवाले मैदानाच्या कडेला उभे असतात, यंत्र बिघडलं तर हाताशी असावेत म्हणून.

यंत्र घेऊन वर आलो. नव्या टीव्हीला त्याची जुनी तिरंगी वायर लावायला जागाच नाही. तेवढ्यात चिरंजीवांचा चौथा डाव आला.

"पंट कर," मी म्हणालो.

"बाबा, फक्त एक यार्ड आहे."

"एक वार म्हणजे केवढं, माहितेय का तुला?"

"थ्री फीट."

"तसं नाही." मी यंत्र खाली ठेवलं, डावा हात लांब ताणला, मान उजवीकडे वळवली. "इथून, नाकापासून, ते बोटापर्यंत. आजोबांचा हात..."

"बाबा, हात! मला दिसत नाहीये काही!"