शब्द मोजून हक्क ठरतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून: 'जुन्या मजकुरात शब्द शोधून घटनेतल्या हक्काचा अर्थ लावता येतो का?' शब्द कसा वापरला जाई, ते कळतं. हक्क कुठवर जातो, ते नाही.

'हात उचलणे' घ्या. कोशात 'हात' आणि 'उचलणे' वेगवेगळे पाहिलेत, तर त्यात मारहाण सापडणार नाही. अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत (१७९१) लोकांना 'कीप अँड बेअर आर्म्स', म्हणजे शस्त्रं ठेवण्याचा आणि बाळगण्याचा हक्क आहे. त्यातल्या 'बेअर आर्म्स'बद्दलचा वाद असाच आहे: हे शब्द लष्करी सेवेबद्दल आहेत, की कुणाही व्यक्तीबद्दल? २००८ च्या हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हक्क व्यक्तीचा ठरवला. बहुमतातर्फे न्या. स्कलिया यांनी सॅम्युअल जॉन्सनचा अठराव्या शतकातला इंग्रजी कोशही पाहिला आणि 'शस्त्र जवळ बाळगणे' हा अर्थ घेतला. पुढे 'अगेन्स्ट' (विरुद्ध) आलं तरच लष्करी अर्थ निर्विवाद, असं त्यांचं म्हणणं.

हे तपासता येतं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे जुन्या मजकुरांच्या शोधता येणाऱ्या संग्रहात, १७६० ते १७९९ मधले १० कोटींहून जास्त शब्द आहेत. त्यात 'बेअर', 'बेअरिंग', 'बोअर', 'बॉर्न' ही सगळी रूपं शोधा. 'आर्म्स' मागेपुढे चार-पाच शब्दांत असावं. आधी पुनर्मुद्रणं काढा, नाहीतर एकच ठराव पाच वृत्तपत्रांत छापला म्हणून पाचदा मोजला जातो. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखा नमुना घ्या. दोघांनी एकमेकांचं न पाहता प्रत्येक वाक्याला लष्करी, व्यक्तिगत किंवा 'सांगता येत नाही' असा शेरा द्यावा. हा तिसरा रकाना कधीही गाळू नका. बहुतेक फसवणूक तिथेच होते. दोघांचं किती वाक्यांवर जमलं नाही, तेही छापा.

भाषाशास्त्रज्ञ डेनिस बॅरन यांनी दोन कॉर्पसमधले सुमारे १,५०० वापर पाहिले. युद्ध, सैनिकी सेवा किंवा संघटित सशस्त्र कृतीशी संबंध नसलेले मोजकेच निघाले. माझ्या मते 'अगेन्स्ट'ची अट इथे टिकत नाही.

पण एवढ्यावरून हक्क फक्त मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या सैन्यदलाचा, ठरत नाही. ठराव, कायदे, सेनाधिकाऱ्यांची पत्रं जपली गेली. बंदूक घेऊन शिकारीला निघालेल्या शेतकऱ्याचं बोलणं कोण टिपणार? शिवाय 'कीप' हे क्रियापद वेगळं तपासावं लागतं.

आपल्याकडचं अनुच्छेद २१ पाहा, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं. 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' हे शब्द १९५० च्या गोपालन खटल्यात अक्षरशः वाचले गेले. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, असं म्हटलं. मधल्या २८ वर्षांत त्या अनुच्छेदाचा एक शब्दही बदलला नव्हता.