आमची वाटचाल : वाड्याच्या भिंतीवरून ऑफिसच्या टेबलावर

आपल्या बोन्सायच्या धंद्याला वीस वर्षं झाली, चार ओळी लिहून द्या, असं मुलगा म्हणाला. चार ओळींत बसलं असतं तर मी नर्सरी काढलीच नसती, चारोळ्या केल्या असत्या.

आमचा पहिला माल फुकटचा होता. 2004-05च्या सुमारास कसबा, शनिवार, नारायण पेठेतले वाडे एकामागून एक बिल्डरकडे चालले होते. जुन्या वाड्याच्या भिंतीत फटीफटीतून पिंपळ, उंबर आणि वडाच्याच कुळातला नांदरूक आलेले असायचे. बी पक्ष्यांनी टाकलेलं, पाणी फक्त पावसाचं, आणि दर दिवाळीला साफसफाईच्या नावाखाली कोणीतरी कोयत्याने उडवलेलं. म्हणजे वर्षानुवर्षांचं झाड गुडघ्याएवढं आणि बुंधा मनगटाएवढा. बोन्सायवाला जे करायला जन्म घालवतो ते भिंतीने करून ठेवलेलं. मुळंसुद्धा दोन विटांच्या मधे वाढून चपटी झालेली, उथळ ट्रेमध्ये बसायला तयारच. मुकादमाला चहापाणी द्यायचं आणि पाडकामाच्या आदल्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढायचं. आधी सगळी पानं खुडायची, चीक थांबू द्यायचा, मग चुन्यासकट मुळं सोडवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची. जूनमध्ये काढलेली बहुतेक जगायची. थंडीत काढायला मी आजही कोणाला सांगणार नाही.

तेव्हा आम्ही दोघं होतो. दुसरे म्हणजे तांबट आळीतले काका. भागीदारीचा कागद कधी झाला नाही. जागा माझी, मांजरी गावातली; फांद्यांना वळण द्यायची तार त्यांची. आज सगळे अ‍ॅल्युमिनियमची तार वापरतात. मऊ असते, चुकलं तर सोडून परत गुंडाळता येते, म्हणून नवशिक्यांना बरी. पण जाड फांदी वाकवून वाकलेलीच ठेवायची तर तांबं. काका मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडून जुनी तार आणायचे, भट्टीत वरचं वॉर्निश जाळायचे आणि तार मंद लाल होईपर्यंत तापवायचे. हे काम दिवे मालवून, अंधारात. उजेडात लाली दिसत नाही आणि तार जास्त भाजली जाते. अशी भाजलेली तार हातात लोण्यासारखी वळते आणि एकदा वळली की तिथेच कडक होते. म्हणून तारेचं वेटोळं खाली आपटलं की काका ओरडायचे. "अरे, ती गुंडाळायच्या आधीच घट्ट केलीस!" तारेची जाडी फांदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, वेढा 45 अंशांचा. नांदरुकावर पावसाळ्यात तार चढवली तर दीड-दोन महिन्यांत बघायलाच हवी. साल फुगते, तार रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. तार सोडताना उलगडायची नाही, कापायची. तार वाचवून फांदी मोडणारे मी पुष्कळ पाहिलेत.

फांदी बुडाशी कापायचा खोलगट पात्यांचा कॉनकेव्ह कटरही काकांनीच करवून दिला. जपानी कटर तेव्हा आम्हाला परवडणारा नव्हता. एका बाईंचा दोन दिवसांसाठी मागून आणला आणि काकांनी ओळखीच्या लोहाराकडून कार्बन स्टीलचा तसाच बनवून घेतला. त्याने फांदी कापली की खोलगट खाच पडते, साल चारी बाजूंनी आत येते आणि जखम सपाट भरते. साध्या कात्रीने तिथे गाठ राहते. तो कटर अजून माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी चीक पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, हा नियम आहे. नवीन पोरांना हे सांगून सांगून मी थकलो.

2009 ते 2016 धंदा नीट चालला. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात स्टॉल लागायचा, लोक यायचे, घेऊन जायचे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग हिंजवडीतल्या ऑफिसांना टेबलावर झाड हवंसं झालं. इथे एक गोष्ट समजून घ्या, फुकट सांगतोय. घरात ठेवायचं बोन्साय ही थंड देशातल्या लोकांची गरज. तिकडे बर्फ पडतं, वडाच्या कुळातलं झाड बाहेर ठेवलं तर मरतं, म्हणून ते आत घेतात. पुण्यात नांदरूक बारा महिने बाहेर मजेत राहतो. आपण त्याला आत नेतो ते शोभेसाठी. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, ऑफिसच्या टेबलावर 300 ते 500. तेवढ्यात झाड जगत नाही, हळूहळू साठवण खातं. आम्ही म्हणून अदलाबदलीची पद्धत बसवली. झाड ऑफिसात तीन आठवडे, मग नर्सरीत शेडनेटखाली सहा आठवडे, त्या जागी दुसरं. म्हणजे एका टेबलामागे तीन झाडं तयार हवीत. भाडं त्यामुळे जास्त. गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं की पटायचं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. नाव घेत नाही, पुण्यात ओळखतात. आमच्याकडेच वर्कशॉपला बसले होते, वहीत सगळं उतरवून घेत होते. त्यांनी चिनी 'जिनसेंग' आणलं. बियाण्यापासून वाढवलेलं नांदरूक, मूळ फुगवून रताळं केलेलं, वर बारीक पानाची कलमं. कंटेनर भरून येतं, एकाच साच्यातलं. वाड्याच्या भिंतीवरचंच झाड, पण बोटीने आलं म्हणून त्याला भाव! ते यांनी 'झिरो मेंटेनन्स बोन्साय' म्हणून आमच्या निम्म्या भाड्यात ऑफिसांना लावलं. फांदीला वळण नाही, पसारा नाही, बोन्सायचं काहीच नाही. कुंडीला खालून भोकसुद्धा नाही, कारण टेबलावर पाणी सांडतं म्हणे. आमची सर्वांत मोठी कंपनी तिकडे गेली. ॲडमिनच्या साहेबांनी मला विचारलं, "तुमचं झाड तीन आठवड्यांत दमतं, त्यांचं वर्षभर हिरवं. मग चांगलं कोणाचं?" मी म्हटलं, "त्यांचं मेलेलं तुम्हाला दिसत नाही, कारण ते नवीन आणून ठेवतात." साहेब हसले आणि करार तिकडे केला.

त्याच कंपनीच्या भरवशावर आम्ही शेडनेट वाढवलं होतं, खुर्जाहून ट्रे मागवले होते, बँकेचं कर्ज होतं. मेव्हणे हिशेबाला बसलेले. (नातेवाइकांना हिशेबाला बसवू नये, एवढंच लिहितो.) कशीबशी दोन नवी ऑफिसं मिळवली आणि मार्च 2020 आला.

लॉकडाऊन लागला तेव्हा आमची बरीच चांगली झाडं काचेच्या बंद ऑफिसांत होती. एसी बंद, पडदे ओढलेले, ट्रेमध्ये दोन इंच माती आणि बाहेर एप्रिल. पास मिळेना. एका इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन, बीडचा मुलगा, त्याला मी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. वरून पाणी ओतू नकोस, वाळलेली माती ते घेत नाही, कडेने निघून जातं. बादलीत ट्रे गळ्यापर्यंत बुडव. बुडबुडे यायचे थांबले की काढ, निथळू दे, मग खिडकीशी ठेव. त्याने फोन बादलीवर धरला आणि म्हणाला, "काका, अजून बुडबुडे येतात, थांबू का?" त्या मजल्यावरची झाडं वाचली. पानं गळली सगळी, पण फांदी नखाने खरवडली की आत हिरवी होती. पानं गळली म्हणून नांदरूक मेला असं समजून लोक कचऱ्यात टाकतात. आधी खरवडून बघत जा. दुसऱ्या ऑफिसात मात्र कोणी आत सोडलं नाही. काकांच्या तारेने वळवलेला एक उंबर तिथे होता.

त्या दुसऱ्या ऑफिसच्या कंपनीने पुढे पत्र पाठवलं. बंद काळाचं भाडं देता येत नाही, आणि मेलेली झाडं आम्ही वेळेत न हलवल्याने जागा अडली म्हणून अनामत रकमेतून कपात. किल्ली त्यांच्याकडे, दोष आमचा.

नर्सरी विकायची ठरलीच होती. तेव्हा नारायण पेठेतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यात दक्षिणेच्या खिडकीत एक नांदरूक आहे, त्यांच्याच पाडलेल्या वाड्याच्या न्हाणीघराच्या भिंतीतला, आम्ही काढलेला. म्हणाल्या, "अरे, पाच वर्षांची देखभाल आगाऊ घे. पण झाड पाहायला तूच यायचंस, पोरं पाठवायची नाहीस." पैसे आले, कर्जाचे हप्ते निघाले. बाई शिस्तीच्या. कुंडी दर रविवारी पाव फेरा फिरवतात, माती बोटाने चाचपल्याशिवाय पाणी घालत नाहीत, आणि पान मुडपलं की स्वतः उलगडून आतले काळे फुलकिडे मला फोटोत पाठवतात. पानांवर फवारा मारत बसण्यापेक्षा हे करा. माती विचाराल तर पक्क्या विटेचा चुरा, 3 ते 5 मिमी, चाळून आणि धुऊन, त्यात थोडं कुजलेलं शेणखत. बागेतली काळी माती ट्रेमध्ये घालू नका, चिखल होतो.

काका 2021 मध्ये गेले. त्यांच्या भट्टीची शेवटची तार मी अजून वापरतो, फक्त जाड फांद्यांना.

झिरो मेंटेनन्सवाले गृहस्थ अनामती घेऊन गायब झाले होते, आता प्लास्टिकची झाडं विकतात असं ऐकतो. तिथे त्यांचं म्हणणं खरं ठरेल. आणि ती कपात करणारी कंपनी? यंदा फेब्रुवारीत त्यांच्या नव्या ॲडमिनबाईंचा ईमेल आला, रिसेप्शनसाठी दोन मोठे वड भाड्याने हवेत, कोटेशन द्या. दिलं. पहिल्या ओळीत 2020ची थकबाकी आणि कापलेली अनामत, दुसऱ्या ओळीपासून वडांचा दर. उत्तर आलेलं नाही. वड तयार आहेत.