सर्फिंग शिकायला निघाले आणि स्विमिंग पूलच्या खिडकीवर अडकले

उडुपीकडे जाऊन सर्फिंग, म्हणजे बोर्डावर उभं राहून लाटेवरून घसरत जाणं, शिकायचं ठरवल्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो बडोद्यातल्याच एका स्विमिंग पूलच्या खिडकीवर. समुद्रापर्यंत पोचायला एक गाडी पुरली. त्या खिडकीतून पुढे सरकायला मात्र दाखले, चकरा, रजा आणि शेवटी लेखी अर्ज लागला. पूल कुठला ते लिहीत नाही. पण बडोद्यात आणखी कुणा बाईला हे करायचं असेल तर तिची पायपीट वाचावी, म्हणून सगळं लिहून काढते आहे. त्या फॉर्मची आठवण आली की अजूनही डोकं तापतं.

माझी भाची बंगळुरूला असते. तिकडच्या बायकांचा एक सर्फिंगचा ग्रुप आहे, जमेल तेव्हा सगळ्या मिळून कर्नाटकच्या किनाऱ्यावर जातात. दिवाळीत आली तेव्हा तिने फोनमधले व्हिडिओ दाखवले. त्यात नुसत्या विशीतल्या मुली नव्हत्या; माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या अंगाच्या बायकाही होत्या, आणि एक जण पडली की बाकीच्या पाण्यातूनच टाळ्या वाजवत होत्या. मी विचारलं, मला जमेल का? ती म्हणाली, "मावशी, तू फक्त पोहायला शीक, बाकीचं आम्ही बघतो."

खरं तर पोहता न येणाऱ्यांनाही बऱ्याच ठिकाणी शिकवतात. कंबरभर पाण्यात, फुटून फेस झालेल्या लाटेवर, शिकवणारा बोर्ड धरून शेजारी उभा असतो. तरी माझं स्पष्ट मत आहे की पोहायला शिकल्याशिवाय जाऊ नये. बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो, तिला लीश म्हणतात, आणि ती तुटू शकते. शिवाय पाण्याची भीती असेल तर सगळं लक्ष नाकातोंडात पाणी जाण्याकडेच राहतं. आम्हा बडोदेकरांना समुद्राची सवय नाही. जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलं की भरतीचं पाणी चढून पिंडी बुडते, ते आपण लांब उभं राहून बघायचं. खाली सगळा चिखल. त्या पाण्यात उतरायचा विचारही कुणी करत नाही.

तर पूल. महिला बॅचचा फॉर्म आणला. नाव, पत्ता, रक्तगट, फोटो, आधारची झेरॉक्स, इथवर ठीक. सगळ्यात खाली एक रकाना होता, 'पति/वालीनी सही', म्हणजे नवऱ्याची किंवा पालकांची सही. मला वाटलं चुकून लहान मुलांचा फॉर्म दिला. मुलांसाठी पालकांची सही हवीच, त्याबद्दल वाद नाही. म्हणून पुरुषांच्या बॅचचा फॉर्म मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. ओळीला ओळ जुळत होती. पुरुषांच्या फॉर्मवर तेवढा रकाना नव्हता.

खिडकीवरचे भाई स्वभावाने वाईट नव्हते. "बेन, मिस्टरनी सही करावी लावो ने, पांच मिनिटनुं काम छे," असं अगदी समजुतीने म्हणाले. आमचे हे दहेजला नोकरीला असतात, शनिवारी येतात. मागितली असती तर यांनी एका मिनिटात सही दिली असती, तो प्रश्नच नव्हता. सासूबाईंचंही तेच म्हणणं, "अगं, एक सही तर आहे, कशाला वाद घालतेस?" पण मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. दर महिन्याला पगाराची यादी माझ्या सहीने बँकेत जाते. इतक्या माणसांचे पगार ज्या सहीवर होतात ती माझ्याच पोहण्याला का चालू नये, हे मला कुणी समजावून सांगू शकलं नाही. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींसकट सगळ्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात मी राहते. मी सही घेणार नाही असं सांगितलं.

मग फॉर्म पुढे सरकेना. सहीचं राहू दे बाजूला, म्हणत भाईंनी डॉक्टरांचा दाखला तपासायला घेतला. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर आणला होता. तो चालेना, पूलच्याच छापील नमुन्यावर हवा. नमुना घेऊन परत डॉक्टरांकडे गेले, सही-शिक्का आणला, तर शिक्क्यात रजिस्ट्रेशन नंबर नाही म्हणून पुन्हा परत. (बायांनो, डॉक्टरांकडे जाण्याआधी खिडकीवरून नमुना घ्या, आणि शिक्क्याखाली नंबर हाताने लिहून त्यावर त्यांची सही घ्या. तेवढ्याने भागतं.) दाखला पूर्ण झाला तोवर बायकांना शिकवणाऱ्या बेन रजेवर गेल्या, आणि त्या नाहीत म्हणून महिला बॅचच बंद. हे दारावर लिहिलेलं नव्हतं, फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. भर दुपारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले तेव्हा कळलं. पुरुषांच्या बॅचा सकाळ-संध्याकाळ चालू होत्या. आमची बॅच दुपारची, म्हणजे नोकरी करणारी बाई येऊच शकणार नाही अशी वेळ. रिक्षात बसून मी रडले, आणि ते रडणं रागाचं होतं.

त्या सुमारास रात्री सर्फिंगविषयी वाचत बसायचे. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर हवाईच्या ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने १९१५ साली सर्फिंगची प्रात्यक्षिकं केली तेव्हा इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या बोर्डावर घेतलं होतं. तीच पुढे पोहण्याची शिक्षिका झाली. आणि तिलाही तिथल्या जीवरक्षकांच्या एका क्लबने सदस्यत्व नाकारलं, बाई आहे म्हणून. ऑस्ट्रेलियात बायकांना किनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबांमध्ये पूर्ण सदस्य म्हणून घेतलं ते १९८० साली. इतकं उत्तम पोहणाऱ्या बाईलाही दारावर थांबवलं होतं, हे वाचल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली चलबिचल गेली.

भाची म्हणाली, "मावशी, तोंडी बोलू नकोस, कागदावर दे." मी अर्ज लिहिला, गुजरातीत, एका पानात. महिला बॅचच्या फॉर्मवर पती किंवा पालकांची सही कोणत्या नियमानुसार मागितली जाते, त्या नियमाची प्रत द्यावी. नियम नसल्यास माझा फॉर्म माझ्या सहीने स्वीकारावा. एवढंच. कुणावर आरोप नाही, चढा सूर नाही. दोन प्रती नेल्या. भाई अर्ज घ्यायला तयार होईनात, साहेबांना भेटा म्हणाले. मी म्हटलं, भेटेनच, पण आधी आवक नंबर द्या. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि नंबर पडेपर्यंत मी खिडकीवरून हलले नाही. मागे रांग वाढली. रांगेतल्याच एक वयस्कर मराठी काकू मोठ्याने म्हणाल्या, "द्या हो त्यांना शिक्का, बरोबर बोलतायत त्या." त्यांचं नावही मला माहीत नाही, पण त्या वाक्याने मला जो आधार दिला तो विसरणार नाही.

उत्तर यायला वेळ लागला. माहितीच्या अधिकाराचा अर्जही मी लिहून पर्समध्ये ठेवला होता, त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो द्यायची वेळ आली नाही. वरच्या साहेबांनी बोलावलं, दोन्ही फॉर्म पाहिले आणि म्हणाले की असा काही नियम नाही, फॉर्म जुना आहे, तसाच छापला जातोय. माझ्या अर्जावर 'मंजूर' लिहून सही केली. दोन मिनिटांचं काम. मला आनंद झाला आणि संतापही आला. माझ्याआधी किती जणी त्या रकान्यापाशी परत फिरल्या असतील, कुणाचा नवरा परगावी, कुणाचा नकोच म्हणणारा, कुणाला नवराच नाही.

पोशाखाचं राहिलंच. फी भरल्यावर नवीन अडचण निघाली, पूर्ण बाह्यांचा टॉप चालणार नाही, 'कॉस्च्यूम नायलॉननोज', म्हणजे नायलॉनचाच हवा. मी समुद्रासाठी घेतलेला रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टॉप, आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची लेगिंग घालून शिकणार होते, म्हणजे अंगाला त्याचीच सवय होईल. नियमामागचं कारण रास्त आहे. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, त्याचे तंतू फिल्टरमध्ये जातात. पण रॅशगार्ड सुती नसतो. मी तो उलटा करून शिवणीतलं लेबल खिडकीवर धरलं, ८० टक्के नायलॉन, बाकी स्पॅन्डेक्स. भाईंनी चष्मा लावून वाचलं, कापड बोटात घेऊन ओढून पाहिलं आणि "आ चालशे" म्हणाले. तेव्हा रॅशगार्ड घेताना लेबल कापून टाकू नका.

पोहणं त्यामानाने भराभर जमलं. रजेवरून परतलेल्या बेननी उत्तम शिकवलं, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तरंगता येणं, श्वास न तुटता पूलची लांबी पार करणं आणि खोल पाण्यात जागच्या जागी पाय मारत राहणं, हे तीन जमलं की निघायला हरकत नाही.

जायला मरुसागर एक्स्प्रेस बरी, अजमेरहून येते, बडोद्याला थांबते आणि कोकण रेल्वेने थेट उडुपीला उतरवते. आठवड्यातून एकदाच असते, म्हणून बॅचच्या तारखा ठरण्याआधी तिकीट बघा. कोकणपट्टीतून जाणाऱ्या दुसऱ्या दिवसांच्या गाड्यांचीही चौकशी करा. जून ते ऑगस्ट जाऊच नका, पावसाळ्यात तो समुद्र शिकणाऱ्यांसाठी नसतो. ऑक्टोबरपासून हंगाम सुरू होतो.

उडुपीहून मालपेमार्गे कोडी बेंग्रेला जातात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाणारी इशिता मालवीय मणिपालला शिकायला आली आणि सर्फिंगकडे वळली ती २००७ साली, याच पट्ट्यात. तिच्यामुळे कितीतरी मुली पाण्यात आल्या, हे तिथे गेल्यावर जाणवतं.

बीचवरच्या राहणीबद्दल घरच्यांच्या मनात जी चित्रं असतात ती तिथे दिसली नाहीत. ग्रुपमधल्या बहुतेक जणी गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलेल्या, कारण उन्हात अंग भाजतं आणि बोर्डावर घासून पोट सोलवटतं. नाकावर आणि गालांवर उन्हापासून वाचवणाऱ्या झिंकच्या क्रीमचा पांढरा थर. पहाटे उठायचं, वारा वाढण्याआधी पाण्यात जायचं, आल्यावर नीर डोसे खायचे, दुपारी झोपायचं. बाजूला कोळणी मासे वाळत घालत असायच्या, त्यांच्या मुली शाळेआधी बोर्ड घेऊन पळायच्या. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "काळी पडशील गं." पडले. आवडलं मला.

शिकणाऱ्यांना आठ-नऊ फुटांचा मऊ फोमचा बोर्ड देतात, तो लागला तरी सहसा मोठी जखम होत नाही. वाळूवर आधी सराव करून घेतात: पोटावर झोपायचं, हात बरगड्यांशी, एका झटक्यात उभं राहायचं, नजर समोर. पायाकडे पाहिलं की पडलंच. पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, अंग सपाट टाकायचं आणि वर येताना हात डोक्यावर, कारण बोर्ड कुठून येईल सांगता येत नाही. लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये बोर्ड आडवा ठेवायचा नाही. आत ओढणारा प्रवाह लागला तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. केसांना आदल्या रात्री खोबरेल लावा, खारं पाणी केसांचं वाटोळं करतं. पूलमध्ये मात्र तेल चालत नाही.

मी उभी राहिले ती फेसाच्या लाटेवर, गुडघे थरथरत, थेट वाळूला बोर्ड लागेपर्यंत. मागून सगळ्याजणी ओरडत होत्या, त्यात भाचीचा "मावशी!" मला वेगळा ऐकू आला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुष २० आणि बायकाही २० होत्या. हवाईच्या कॅरिसा मूरने सुवर्ण जिंकलं. बरोबरीचं मैदान मिळालं की बायका काय करतात ते तिथे सगळ्यांनी पाहिलं. मला माझ्या पातळीवर ते त्या सकाळी कळलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

परत आल्यावर पूलवर गेले तर नव्या गठ्ठ्यातही तोच रकाना छापलेला. साहेबांची मंजुरी फक्त माझ्या अर्जापुरती होती. म्हणून आता आमच्या बॅचमधल्या सगळ्या जणींच्या सह्यांचा दुसरा अर्ज दिला आहे, रकाना काढून टाकावा आणि एक महिला बॅच संध्याकाळी सात वाजता असावी. आवक नंबर घेतला आहे. तोवर कुणाला फॉर्म भरायचा असेल तर त्या रकान्यात 'लागू नाही' लिहा, खाली स्वतःची सही करा, आणि परत केला तर का परत केला ते लेखी मागा. माझ्या अर्जाची प्रत आणि त्यावरची मंजुरी मी जपून ठेवली आहे. बॅचला येणाऱ्या कुणालाही झेरॉक्स देते.