कोरी स्लाइड म्हणजे निगेटिव्ह नव्हे

सांगलीत हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग मायक्रोस्कोपखाली तपासायच्या लॅबला टेक्निशियन म्हणून मला 14 वर्षं झाली, पण ती केस अजून डोक्यातनं जात नाही.

तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, वय फक्त 39. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ. ऑपरेशन झालेलं, 16 लिम्फ नोड्स (आजूबाजूच्या लसीका गाठी) मिळाले आणि सगळे क्लीन, स्टेज 2. वय कमी म्हणून डॉक्टरांनी चार प्रोटीन्सची आयएचसी, म्हणजे स्लाइडवर रंग देऊन प्रोटीन शोधायची तपासणी मागितली, एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6. पेशीत डीएनएची कॉपी होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारी ही प्रोटीन्स, ट्यूमरमध्ये ती असली तर केंद्रकं तपकिरी दिसतात, नसली तर निळीच राहतात.

संध्याकाळी स्लाइड्स आल्या. पहिल्या दोन छान तपकिरी, एमएसएच2 आणि एमएसएच6 मात्र कोऱ्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम निघायच्या घाईत होत्या, मी ट्रे उचललाच होता पण सवयीनं एकदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तर ट्यूमरशेजारचे लिम्फोसाइट्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, पण निळेच. त्या तर पेशंटच्या नॉर्मल पेशी, त्या तपकिरी व्हायलाच पाहिजेत, त्याच झाल्या नाहीत तर ट्यूमरबद्दल काय बोलणार? मग आठवलं, सॅम्पल आलेलं तेव्हा अख्खं आतडं न कापता छोट्या बरणीत कोंबलेलं आणि फॉर्मलिन, म्हणजे सॅम्पल टिकवायचं द्रावण, जेमतेम बुडेल एवढंच. सॅम्पलच्या निदान दहापट फॉर्मलिन लागतं हो, नाहीतर आतपर्यंत पोचतच नाही. मला खरंच राग आला, कारण अशा स्लाइडवर रिपोर्ट गेला असता तर एका घराचं सगळं बदललं असतं, तेही कशावर, तर बरणीवर.

मॅडम थांबल्या. गाठीच्या कडेचा, फॉर्मलिन नीट पोचलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) शोधला, त्याचे नवीन पातळ काप घेतले, दुसऱ्या दिवशी परत स्टेन. या वेळी लिम्फोसाइट्स मस्त तपकिरी, तिखटाचे दाणे सांडल्यासारखे, आणि त्यांच्या मधोमध ट्यूमरच्या ग्रंथी निळ्या. म्हणजे ट्यूमरमध्ये ती दोन प्रोटीन्स खरंच नव्हती. ही दोन प्रोटीन्स जोडीनं राहतात, एमएसएच2 गेलं की एमएसएच6 पण टिकत नाही. आणि ही जोडी गेली की लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या, कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकातल्या दोषाचा संशय घ्यावाच लागतो.

रिपोर्ट न्यायला त्यांचा धाकटा भाऊ आला. मॅडमनी विचारलं घरात आणि कुणाला कॅन्सर होता का, तर म्हणाला, "नाही ओ मॅडम, आतड्याचा कुणालाच नाही." जरा थांबून म्हणाला, "आई गेली ती पिशवीच्या कॅन्सरनं, पण ते वेगळं." मॅडमनी त्याला खुर्चीत बसवलं. ते वेगळं नव्हतं, लिंचमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर पण येतो आणि सख्ख्या भावंडांत तो दोष असायची शक्यता निम्मी.

स्टेज 2 मध्ये ही प्रोटीन्स नसली तर आजार उलटायची शक्यता उलट कमी असते आणि नुसत्या फाइव्ह एफयू या औषधाच्या केमोचा फायदा दिसत नाही, म्हणून ऑन्कोलॉजिस्टनी केमो न देता फॉलोअप ठेवला. भावाला हे पटायला वेळ लागला, केमो नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असंच त्याला वाटत होतं.

जाताना दारात वळला आणि मला म्हणाला, "ताई, आमची बहीण जतला दिलीय, तिला पण घेऊन येऊ का?"

म्हटलं, "घेऊन या. आणि तुम्ही पण तपासून घ्या."