आक्कांच्या आज्जीचं नाव

आक्का नात्यानं माझ्या कुणी नाहीत. माझे आजोबा आणि आक्कांचे वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, बरोबरीनं हमालीला जायचे. तिथून दोन्ही घरांचा जो घरोबा जमला तो चौथ्या पिढीपर्यंत आला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आक्कांच्या घरातली पत्र्याची पेटी पाण्यात होती. पेटी उघडली तर आत कागदांचा नुसता लगदा. जमिनीचे, घराचे कागद गेले याचं आक्कांना फार वाटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळ, माझ्या आज्जीचं नाव तेवढं हुडकून दे. म्हाळाला पान वाढताना नुसतं 'आज्जी' म्हणायचं, बरं वाटत नाही."

ही आज्जी तीन लहान मुलं घेऊन सांगलीत आली आणि आक्का जन्मायच्या आधीच गेली. घरात तिला सगळे 'थोरली' म्हणायचे. खरं नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नव्हतं.

मी सुरुवात केली हेळव्यापासून. आमच्या भागात अजूनही घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी येतात. पूर्वी नंदीबैल, गाडी, घुंगरांचा आवाज असायचा. आता मोटारसायकल असते, पण चोपडी तीच. आक्कांच्या घराण्याचा हेळवी सुगीनंतर आला. त्यानं ओट्यावर बसून एका दमात सात पिढ्या म्हणून दाखवल्या: मूळ माण तालुक्यातले, तिथून तासगाव तालुक्यात आले, अमक्याला तीन मुलगे, त्यातल्या मधल्याचा वंश सांगलीत. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि बायका?" त्या चोपडीत एकही नव्हती. हेळव्याला धान्य आणि पैसे दिले, तो आशीर्वाद देऊन गेला. निदान गाव तरी कळलं.

त्या गावाला आक्कांच्या वडिलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरनंही दुजोरा दिला. जन्मठिकाणापुढं लिहिलं होतं 'ता. तासगाव, जि. सातारा'. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. सांगली शहर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात आणि तासगाव इंग्रजी मुलखात, सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं जुन्या कागदावर 'सातारा' दिसलं म्हणून साताऱ्याला धावायचं नाही, आधी तालुका बघायचा.

गावात भावकी अजून जमीन कसते. आक्कांचा मुलगा आणि मी गेलो, तर चहा येण्याआधी प्रश्न आला, "वाटणी मागायला आलाय का?" त्यांना राग येणं साहजिक होतं; शंभर वर्षांनी दारात आलेला चुलतभाऊ आणखी कशाला येणार? आम्ही म्हटलं, जमीन नको, नाव पाहिजे. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग घरातल्या म्हाताऱ्यानं ८अ चा, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा, उतारा आणून पुढ्यात ठेवला. त्यावरून गट नंबर मिळाला, गटावरून जुना सर्व्हे नंबर आणि जुन्या सातबारावर गोल केलेले फेरफारांचे आकडे. ज्यांना असा शोध घ्यायचा आहे त्यांनी ही वाट धरावी. सातबारा आज कुणाचं आहे ते सांगतो. कुणाकडून कुणाकडं आलं ते फेरफारात असतं.

नकलेच्या अर्जात 'अर्जदाराशी नाते' असा एक रकाना होता. माझा हात तिथं थांबला. शेवटी आक्कांच्या मुलाच्या सहीनं अर्ज केला आणि मी संमतीपत्र घेऊन हेलपाटे घातले. आधी गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद बघितली. १९१८ ची दिवाळीच्या आसपासची पानं हातात धरवेनात. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. ओळीमागून ओळ मृत्यू आणि कारणापुढं एकच शब्द, 'ताप'. त्यात आक्कांचे आजोबा सापडले. त्यांच्या खाली दोन ओळींवर त्यांचा भाऊ.

मग त्यांच्या वारसाचा फेरफार मिळाला, जुन्या मोडी लिपीत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यामुळं मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही. माझी पाळी यायला दोन महिने लागले. पहिल्या वाचकांनी लिहून दिलं: 'मुलगे तीन अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), पालन आईस' आणि पुढं एक सुटी 'ई', अर्थ लागत नाही. म्हणजे इथंही आई ती आईच, बिननावाची. त्या रात्री मला झोप आली नाही.

कागद घेऊन मी एका निवृत्त गुरुजींकडं गेलो. मोडीत आधी आख्खी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. गुरुजींनी भिंगातून पुढचा शब्द बघितला: 'कोम'. कोम म्हणजे अमक्याची बायको. "कोमच्या आधी नाव असलंच पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीनं तीच चार अक्षरं मधे जागा सोडून लिहिली: आई सई.

संध्याकाळी आक्कांना सांगितलं. त्या दोनतीनदा पुटपुटल्या. मुलगा वंशावळीच्या कागदावर लिहायला गेला तर त्यांनी पेन मागून घेतलं. चौथी शिकलेल्या आहेत, हात कापतो. आजोबांच्या नावाशेजारी त्यांनी सावकाश लिहिलं, 'सई'.

मग मान वर करून म्हणाल्या, "लेक कुणाची, ते कळंल का?"

पूर्वी सोयरिकी बहुतेक पंचक्रोशीतच व्हायच्या, म्हणून शेजारच्या चार गावांचे नमुना १४ बघायचं ठरवलं आहे. अवघड आहे. त्या काळच्या जन्मनोंदीत बाळाचं नाव नसतं; बापाचं असतं आणि पुढं नुसतं 'मुलगी'. अर्ज भरून झालाय, सोमवारी द्यायचा आहे.