तुम्ही विचारलंत म्हणून: दोन लिटर दुधासाठी गाय कशाला पाळायची?

यंदा गणपतीतही हा प्रश्न आलाच. जेवणं आटोपली होती, मुंबईहून आलेला पुतण्या पडवीत पाय पसरून बसला होता. गोठ्याकडे बघत म्हणाला, "काकी, दोघी मिळून दूध किती देतात गं?" मी खरं ते सांगितलं. तांबू श्रावणात व्याली, ती सकाळी सव्वा लिटर देते आणि संध्याकाळी पाऊण. मोरी गाभण आहे, आटलेली. म्हणजे सध्या दोन लिटर. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "दोन लिटर दुधासाठी पहाटे साडेपाचला उठायचं, कुठे गावाला जायचं नाही, आजारी पडायचं नाही. दोन पिशव्या आणल्या तर?"

त्याच्या आधी माहेरच्यांनी विचारलंय, शेजारच्या वाडीतल्या नव्या सुनेने विचारलंय, वाडी बघायला येणाऱ्या कितीतरी पाहुण्यांनी विचारलंय. आणि सगळ्यांच्या आधी मी स्वतः विचारलंय. मी मूळची कागलकडची, घाटावरची. आमच्याकडे दारात चार म्हशी, आणि एका म्हशीच्या एका वेळच्या धारेने चरवी भरायची. लग्न होऊन इथे कोकणात, कुडाळ तालुक्यात आले तेव्हा पहिल्या दिवशी गोठ्यात डोकावले, तर दावणीची जनावरं मला वासरंच वाटली. सासूबाई तांब्या घेऊन धारेला बसल्या. तांब्या! तोही पुरता भरला नाही. मी न राहवून विचारलं, तर मागे वळून न बघता म्हणाल्या, "दूध वासराचां गो, शेण आपलां."

मला वाटलं, गरिबीत माणूस मनाची समजूत घालतो तसं काहीतरी बोलतायत. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दहा वर्षं लागली.

आमची वाडी म्हणजे घराभोवतीचे बावीस गुंठे, आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला भाताचे दोन कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे. जमीन जांभ्याची. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी दर वर्षी मातीतून झिरपत जाताना चुना, पालाश (पोटॅश), जे काही झाडाच्या उपयोगाचं ते सगळं घेऊन जातं. मागे राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. माती तांबडी दिसते ती त्या लोखंडामुळेच. ती आंबटही असते, आणि स्फुरद (फॉस्फरस) घातलं तर असं धरून ठेवते की झाडाला मिळत नाही. घाटावरच्या काळ्या रानात बी टाकलं की उगवतं, एवढंच मला माहीत होतं. इथे पहिल्या वर्षी मी हौसेने वांगी लावली. वीतभर वाढली आणि पिवळी पडून तशीच उभी राहिली. तेव्हा सासूबाईंनी मला गायरीवर नेलं.

गायरी म्हणजे खताचा खड्डा. आमची गायरी गोठ्याच्या मागे आहे, कमरेएवढी खोल, वर नारळाच्या झावळांचं छप्पर, कारण पावसाचं पाणी आत गेलं की खताचं सत्त्व व्हाळाला जातं. पौष-माघात आंबा, काजू, फणसाखालचा सगळा पातेरा, म्हणजे सुका पाला, आम्ही झाडून गोळा करतो आणि मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपीत, भरून ठेवतो. रोज संध्याकाळी गुरं चरून आली की त्यांच्या पायाखाली तो पसरायचा. रात्रभर त्यावर शेण, मूत पडतं, खुरांनी तो तुडवला जातो. सकाळी सगळं एकत्र ओढून टोपलीत भरायचं. गुरं दिवसा डोंगरात असतात, त्यामुळे हाताला लागतं ते रात्रीचंच शेण, दोन टोपल्या. त्यावर चुलीची राख, भाजीची देठं, सुपारीच्या विऱ्या (पानांचे रुंद देठ) तोडून, आणि वर पुन्हा पातेऱ्याचा थर. मूत महत्त्वाचं. नत्र (नायट्रोजन) त्यात जास्त असतं आणि वाहून जातं तेही तेच. सुका पातेरा ते पिऊन घेतो. नुसतं शेण उचलून टाकणारे अर्धं खत नालीत सोडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

चैत्रात गायरी उपसली की साधारण दोनशे घमेली खत निघतं. काळं, हलकं, हाताला कोरडं लागणारं, शेणाचा वास पूर्ण गेलेला. पाऊस धरला की चौदा माडांच्या आळ्यांत प्रत्येकी चार घमेली. चाळीस पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, एकेक. उरलेली शंभरेक घमेली तरव्याला (भाताच्या रोपांना), पावसाळी वेलांच्या आळ्यांना आणि भात कापल्यावर कुणग्यात घालतो त्या माठ-मुळा-वालीच्या वाफ्यांना. वर्षभरात आम्ही विकत आणतो ते कांदे-बटाटे आणि लसूण. चाकरमान्यांच्या पिशव्यांतून जी तवशी (मोठ्या काकड्या), पडवळं, दोडकी, भोपळे मुंबईला जातात, ती सगळी या खड्ड्यातून आलेली असतात.

आता कोंबड्यांचं सांगते, कारण त्या नुसत्या अंड्यांसाठी ठेवल्यात असं लोकांना वाटतं. माडाचा एक वैरी आहे, गेंड्या भुंगा. डोक्यावर शिंग असतं त्याच्या. तो माडाच्या शेंड्यात शिरून न उमललेली कोवळी झावळ कुरतडतो; मग ती उमलते तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. कोवळ्या रोपाचा गाभा खाल्ला तर रोप मरतंच. आणि हा भुंगा अंडी घालतो कुठे, तर कुजणाऱ्या शेणखतात. म्हणजे ज्या गायरीवर माड जगतात तिच्यातच माडाचा वैरीही वाढतो. म्हणून दर पंधरवड्याला मी खोरं घेऊन एक बाजू उकरते. खोरं मारल्याचा पहिला आवाज झाला की चौदा कोंबड्या आणि कोंबडा कुठूनही धावत येतात. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, कोयत्यासारख्या वाकलेल्या अळ्या वर आल्या की त्यांच्यावर झुंबड उडते. एकदा एका पिलाने स्वतःच्या डोक्याएवढी अळी तोंडात धरून अख्ख्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, तीन फेऱ्या मारल्या, मागे बाकीची सगळी, आणि शेवटी आईनेच ती हिसकावून तिचे तुकडे करून पिलांपुढे टाकले. मी खोरं टेकवून उभी राहून बघत होते. या कोंबड्या नसत्या तर माडांवर काय फवारावं लागलं असतं, या विचारानेच नको वाटतं.

सासूबाईंचं ऐकलं नाही, असं एकदा केलंय आम्ही. २००६ मध्ये घाटावरून एचएफची, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीची, संकरित गाय आणली. मीच ह्यांच्या मागे लागले होते. कर्ज काढलं, गोठ्याला पंखा लावला. पहिले दोन महिने दिवसाला अकरा लिटर दूध निघालं आणि मला वाटलं, जिंकले. मग पाऊस सुरू झाला. इथली दमट हवा तिला सोसेना. तोंड उघडं टाकून धापा टाकायची. ओल्या जमिनीत खूर कुजायला लागले. एक सड सुजला आणि बघता बघता अर्धी कास दगडासारखी घट्ट झाली, दगडी म्हणतात त्या आजाराला. त्यातून उठली, तर उन्हाळ्यात हिरवा चारा नाही. इथे डोंगरावरचं गवत पौषातच वाळतं, आणि तिला ते वाळकं गवत चालत नव्हतं. पेंडीची पोती आणून आणून दुधाचे पैसे पेंडीतच गेले. दुसऱ्या पावसाळ्यात तिला गोचीडताप आला. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, पण उशीर झाला होता. ती रात्र मी तिच्या मानेखाली पोतं घालून बसून काढली. शेजारच्या दावणीला आमच्या गावठी गायी त्याच हवेत, त्याच गोचिडांत, शांतपणे रवंथ करत उभ्या होत्या. त्या गायीची काही चूक नव्हती. तिला तिची नसलेली जागा दिली ती आम्ही.

आमच्या गायींना सगळे 'गावठी'च म्हणत आले, आणि त्या शब्दात थोडी हेटाळणी असतेच. २०१८ मध्ये करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने या गायीची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदवली. तांबडी, काळी, करडी, पांढरी, कुठल्याही रंगाची असते. बुटकी, खूर कडक, डोंगर चढायला चपळ. बातमी वाचली तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. मी वर्तमानपत्र घेऊन गोठ्यात गेले आणि तांबूच्या आईच्या कपाळावरून हात फिरवला. मला रडू आलं, ते का आलं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

हिशोबाचंही पुतण्याने विचारलं, तेही सांगते. शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का. युरियात शेचाळीस टक्के. म्हणजे आमच्या दोनशे घमेल्यांत सगळं मिळून पंचेचाळीस किलोच्या एका युरियाच्या पिशवीइतकंही नत्र नसेल, आणि ती पिशवी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. हे आकडे खरे आहेत आणि मी ते लपवत नाही. भाताला थोडा युरिया आम्हीही टाकतो. पण जांभ्याच्या नुसत्या मातीत टाकलेला युरिया आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात खाली निघून जातो, कारण त्याला धरून ठेवणारं मातीत काही नसतं. ते धरून ठेवणारं जे असतं, ते पिशवीत मिळत नाही. पुतण्याला मी गडग्यापाशी, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणापाशी, नेलं. गडग्याबाहेरची एक मूठ माती त्याच्या डाव्या हातावर ठेवली: तांबडी, नखांत चिकटणारी, दाबली की ढेकूळ. उजव्या हातावर आतल्या वाफ्यातली मूठ ठेवली: तपकिरी-काळी, दाबली की गोळा होणारी, बोट लावलं की भुसभुशीत सुटणारी, आणि त्यात एक गांडूळ. दोन मुठींमध्ये हातभर अंतर. त्या हातभर अंतराला सासूबाईंची चाळीस वर्षं आणि माझी सत्तावीस लागली आहेत.

बायोगॅसचंही काही जण सुचवतात. चांगली गोष्ट आहे, पण सगळ्यात लहान, १ घनमीटरच्या संयंत्रालाही रोज पंचवीस किलो ताजं शेण लागतं. आमच्याकडे तेवढं निघत नाही, म्हणून नाही बांधलं.

आणि दूध? ते आवडत नाही असं थोडंच आहे. पहाटे तांबूच्या पुढ्यात आंबोण ठेवायचं, मग वासराचं दावं सोडायचं. ते कासेला ढुशा देतं, आणि तांबू कान मागे टाकून त्याचं अंग चाटायला लागली की समजायचं, पान्हा आला. वासराशिवाय ती थेंब देत नाही. दोन सड त्याचे, दोन आपले, ही वाटणी सासूबाईंपासून चालत आलेली. मी उजव्या बाजूला उकिडवी बसते, कपाळ तिच्या कुशीला टेकवते. आतून पोटाची गुडगुड ऐकू येते. धार तांब्यात आधी टणटण वाजते, मग फेस आला की आवाज मऊ होतो. पलीकडून वासराचं चुरूचुरू चाललेलं असतं. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांसाठी उठावं लागतं याचं मला आजवर कधी ओझं वाटलेलं नाही.

आता पाऊस ओसरलाय. खळं चोपून झालं, उद्या सारवायचं आहे, त्यासाठीचं शेण आजच वेगळं काढून ठेवलंय. मोरीचे दिवस भरत आले आहेत, दिवाळीनंतर आठवड्याभरात व्यायला हवी. पहिला चीक वासराचा. त्याचं पोट भरून उरेल त्याचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरवस. पुतण्याचा परवा फोन आला होता, रेल्वेचं तिकीट काढलंय म्हणाला.